चैतराम गजभिये आणि सासऱ्याची रेकॉर्ड

बालाघाटच्या बुढी भागात कुणाला चैतराम गजभिये यांचं घर विचारलं, तर समोरचा आधी विचारणार, "टेलिफोनवाले का?" टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. ज्या खांबांवर चढून त्यांनी उमेदीची वर्षं काढली, त्यांतले अर्धे खांब आता केबलवाल्यांच्या आणि उरलेले वेलींच्या ताब्यात आहेत. नाव मात्र राहिलं, आणि नावाबरोबर एक गैरसमजही राहिला. ज्या वस्तूला वायर आहे ती वस्तू चैतरामजींना कळते, हा तो गैरसमज. तो लोकांचा कमी आणि त्यांचा स्वतःचा जास्त होता.

हे त्यांनाही ठाऊक होतं. "मले येते थोडंसंच," ते म्हणत. "पण माहा हात पहिले जाते, डोकं मागून येते."

शेजाऱ्याचा कूलर, बुद्धविहारातला माइक, स्वतःच्या घरचं मिक्सर, या सगळ्यांवर त्यांचा हात आधी गेला होता. मिक्सर तर त्यांनी असं दुरुस्त केलं की ते उलटं फिरू लागलं. तेव्हा त्यांची बायको रुख्माबाई दारात उभी राहून गंभीरपणे म्हणाली होती, "आता वाटलेली चटणी टाकली तं तिच्या परत मिरच्या होतीन का जी?"

अशा माणसाच्या घरात, रुख्माबाईंच्या लोखंडी पेटीत, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक लहान रेकॉर्ड होती. रुख्माबाईंचे वडील महागू डोंगरे हे लांजीकडचे. चार महिने धानाची शेती आणि बाकीचे महिने गायन पार्टी. ढोलकी, पेटी, झांजा आणि मागं साथ द्यायला घरातली, शेजारची माणसं. आसपासच्या गावांत त्यांना मोठा मान होता. एकदा पार्टीला नागपूरला बोलावणं आलं, आणि तिथं कुण्या कंपनीनं त्यांचं एक गाणं रेकॉर्डवर घेतलं. एकच. त्यातल्या मूठभर प्रती लांजीला आल्या, बाकीच्या कुठं गेल्या कुणास ठाऊक. महागूबापू जाऊनही आता खूप वर्षं झाली होती, आणि त्यांचा आवाज म्हणून जगात जे काही उरलं होतं, ते त्या लुगड्यात होतं.

चैतरामजींनी ती रेकॉर्ड कधीच ऐकली नव्हती. ती निघाली तेव्हा त्यांचं नवीन लग्न झालेलं आणि नेमणूक बैहरच्या जंगलात. पुढं लांजीच्या मास्तरांकडचा एकुलता एक रेकॉर्ड प्लेअर बिघडला. सासऱ्यांचं गाणं त्यांनी एरवी खूप ऐकलं, पण या रेकॉर्डवर कोणतं गाणं आहे हे विचारलं की रुख्माबाई म्हणत, "असंच हाये जी, बाबाचं गानं," आणि उठून भाजी परतायला जात. चैतरामजींनी त्याचा अर्थ लावला होता की बाईमाणूस आहे, बापाच्या आठवणीनं जीव कासावीस होत असेल. अर्थ लावण्यातही त्यांचं डोकं मागून यायचं.

यंदा महागूबापूंचा स्मृतिदिन बालाघाटला करायचं ठरलं. किरनापूरहून रुख्माबाईंची मोठी बहीण देवकाबाई येणार होती, विहारातली मंडळी येणार होती. चैतरामजींनी घरात जाहीर केलं, "बापूची रेकॉर्ड मी कॉम्प्युटरमंदी उतरवतो. त्या दिवशी सगळ्यायले आयकवतो. मंग मोबाईलवर ज्याले पाहिजे त्याले पाठवून देऊ."

रुख्माबाईंच्या हातातली कणीक थांबली. "राहू द्या ना जी. कायले तरास घेता?"

"तरास कायचा? वायरी जोडा लागते, बस."

गोंदियाच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून त्यांनी रेकॉर्ड प्लेअर आणला. दुकानदारानं नवी सुई बसवून दिली. मुलगी संघमित्रा रायपूरला नोकरीला होती, तिचा जुना लॅपटॉप घरीच पडून होता. प्लेअरमधून तीन वायरी निघत होत्या. एक लाल, एक पांढरी, आणि एक बारीकशी काळी, जिच्या टोकाला लहानसा चिमटा होता. लाल-पांढरीची जागा होम थिएटरच्या मागं सापडली. काळीला कुठंच जागा सापडली नाही. चैतरामजींनी तिला इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, "हे फालतू हाये" असा निकाल दिला आणि पक्कडीनं मुळापासून कापून टाकली.

मग रेकॉर्ड लावली, सुई ठेवली, आवाज पूर्ण वाढवला आणि हात जोडून बसले. होम थिएटरमधून जे आलं, ते डब्यात कोंडलेल्या डासासारखं होतं. कान स्पीकरला टेकवला तेव्हा डास गातोय एवढं कळलं.

"बापू दूर गेले जी," रुख्माबाई म्हणाल्या, "आवाज तं दुरूनच येईन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅपटॉपच्या कडेला एक भोक शोधलं, त्यात बसेल अशी वायर बाजारातून आणली आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. पडद्यावर हिरव्या रेघा नाचू लागल्या. चैतरामजींचा आनंद गगनात मावेना. गाणं संपेपर्यंत त्यांनी रुख्माबाईंना दोनदा समजावून सांगितलं की हे काम बाजारात करायला गेलं तर माणूस कसा लुटला जातो. नंतर वाजवून पाहिलं, तर त्या रेकॉर्डिंगमध्ये कुकरची शिटी होती, भंगारवाल्याची हाक होती आणि माणूस कसा लुटला जातो यावरचं चैतरामजींचं अख्खं भाषण होतं. सासरे नव्हते. लॅपटॉपनं वायरीकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यानं आपल्या स्वतःच्या माइकनं घरातलं बोलणं टिपून ठेवलं होतं.

आपला आवाज चैतरामजींनी पहिल्यांदाच असा बाहेरून ऐकला. "मी एवढं बोलतो?" त्यांनी विचारलं.

"आज तं कमीच बोलले," रुख्माबाई म्हणाल्या.

शेवटी संघमित्राला फोन लावावा लागला. ती वडिलांशी बोलताना निम्मं मराठी, निम्मं हिंदी बोलते, आणि चिडली की सगळं हिंदी. "पप्पा, रेकॉर्ड प्लेअरचा सिग्नल लय कमजोर असते. डायरेक्ट नाही लागत. मध्ये एक प्रीअॅम्प लागते, छोटासा डब्बा. मी ऑर्डर करून देते. आणि ती काळी वायर त्या डब्ब्याला जोडजा. ती अर्थिंगची आहे."

चैतरामजींनी कोपऱ्यात पडलेला काळा तुकडा पायानं खाटेखाली सारला.

"पप्पा? काली वायर है ना?"

"होती."

"थी मतलब? पप्पा, आपने काट दी?"

तीस वर्षं अर्थिंगशिवाय एकही जोडणी पूर्ण न करणाऱ्या माणसानं फोन रुख्माबाईंकडं दिला आणि अंगणात जाऊन झाडांना पाणी घातलं. झाडांना सकाळीच पाणी घातलेलं होतं.

डबा आला. आता आवाज चांगला मोठा झाला, पण त्याच्यासोबत एक घरघरही आली. विजेच्या रोहित्राजवळ उभं राहिल्यावर येते तशी, सलग आणि जाड. कापलेली काळी वायर प्लेअरच्या इतक्या आत गेली होती की तिचं टोक सापडेना. मात्र चैतरामजींना एक शोध लागला. प्लेअरच्या लोखंडी भागावर बोट टेकवलं की घरघर बरीच कमी होते. मग काय, त्यांनी बोट टेकवलं. गाणं पूर्ण होईपर्यंत ते तसेच वाकून, श्वास रोखून उभे राहिले. माशी कानावर बसली तरी हलले नाहीत. टेलिफोन खात्यानं ज्यांना अर्थिंग शिकवली, ते चैतराम गजभिये निवृत्तीनंतर स्वतःच अर्थिंग झाले होते.

रेकॉर्डिंग झालं. लॅपटॉपच्या लहानशा स्पीकरवर ऐकलं, तर काय आवाज! खोल, जड, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. ढोलकी अशी सावकाश पडत होती जशी कुणी विचार करून करून थाप देतंय. घरघर थोडी उरली होतीच, त्यात शब्द बुडून जात होते, पण भाव पोचत होता. मागच्या साथीला जड आवाजाचे पुरुष होते. आणि सगळ्यात शेवटी, वाद्यं थांबल्यावर, कुणीतरी हुंदका दिल्यासारखा आवाज होता. चैतरामजींच्या अंगावर काटा आला. बापूंचा आवाज आपल्याला आठवतो तो इतका जड नव्हता, असं मनात आलं खरं. पण माइकवर आवाज वेगळाच लागतो, आणि जुन्या काळातल्या माणसांना घाईही नव्हती, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

स्मृतिदिनाला अंगणात मांडव होता. बुद्धवंदना झाली, महागूबापूंच्या फोटोला हार घातला. देवकाबाई पुढच्याच खुर्चीवर बसल्या होत्या. सत्तरी उलटली तरी कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. रुख्माबाई त्यांच्या शेजारी. चैतरामजी माइक घेऊन उभे राहिले. दोन शब्द बोलतो म्हणाले आणि बरेच बोलले. हे गाणं म्हणजे शोषिताच्या काळजातली कळ आहे, म्हणाले. शेवटी तर गाणाऱ्याला स्वतःचा हुंदका आवरलेला नाही, तो तुम्ही कान देऊन ऐका, म्हणाले. आणि पेनड्राइव्ह स्पीकरला लावला.

गाणं सुरू झालं. माणसं माना खाली घालून ऐकू लागली. मागच्या रांगेतल्या एका बाईनं डोळे पुसले. विहाराचे अध्यक्ष सुखराम रामटेके हळूच म्हणाले, "काय भारदस्त आवाज!" चैतरामजींची नजर रुख्माबाईंवर गेली. त्यांनी पदर तोंडावर घट्ट धरला होता आणि खांदे हलत होते. चैतरामजींनी स्पीकरचा आवाज आणखी थोडा वाढवला. पठ्ठ्यानं आयुष्यात एक काम धड केलं, असं त्यांना वाटलं.

देवकाबाई मात्र रडत नव्हत्या. त्या आधी पुढं झुकल्या, मग स्पीकरकडं पाहिलं, मग चैतरामजींकडं. हुंदका येऊन गेला, गाणं संपलं, आणि त्या शांततेत त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "जवाईबापू, हे कोन गाऊन राह्यलं जी?"

"कोन म्हणजे? बापू."

"आमचा बाबा? आमच्या बाबाचा आवाज बारीक होता, चिमणीसारखा. माइक नसला तरी नाल्याच्या पल्याड जाये. हा तं कोनी ढेकर देऊन राह्यला."

कुणीतरी खोकल्यासारखं केलं. चैतरामजी म्हणाले, "बाई, रेकॉर्ड तेच हाये. मी सोता लावली."

"कशी लावली? मास्तरच्या घरी मीच लावत होती ना तवा. बाजूले एक खटका असते. मोठ्या रेकॉर्डले एकीकडे, लहानीले दुसरीकडे. तो फिरवला का?"

चैतरामजींनी डोळ्यांसमोर प्लेअर आणला. खटका होता. त्याच्यावर तेहतीस आणि पंचेचाळीस असे आकडे होते. तो त्यांनी पाहिलाही होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या खटक्याला हात लावला नव्हता.

आता मांडवात बसून कोण राहतं? सुखरामजींपासून सगळे उठून आतल्या खोलीत शिरले, जे मावले नाहीत ते खिडकीशी उभे राहिले. रुख्माबाईंनी नवऱ्याचा हात धरला. त्यांचे डोळे ओले होते, पण चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नव्हता. "अवं जी, नका लावू. आयका माह्यं. लोकं हायेत घरात."

"आता तं लावाच लागते," चैतरामजी म्हणाले. त्यांनी खटका पंचेचाळीसवर नेला, सुई ठेवली आणि बोट लोखंडाला टेकवलं.

ढोलकी उड्या मारतच आली. पेटी तिच्यामागं धावत आली. आणि महागूबापूंचा बारीक, धारदार, खट्याळ आवाज खोलीत शिरला.

"जावई आला शाना गं बाई, जावई आला शाना,
रेडिओ खोलून धुंडू लागला, आत कोन गाते गाना!"

मागं साथीला बायका होत्या, पुरुष नव्हतेच. त्यांनी ओळ उचलली आणि बापू पुढं सरसावले.

"दोन पेच हाती उरले, रेडिओ पडला मुका,
सासू म्हणे राहू द्या बापू, चूल तेवढी फुका!"

खोलीत हशा फुटला. खिडकीतल्या लोकांना उशिरा कळलं म्हणून तिथं उशिरा फुटला. चैतरामजी प्लेअरवर बोट ठेवून वाकलेले होते. बोट काढावं तर घरघर सुरू होणार आणि गाणं बुडणार. म्हणजे स्वतःची फजिती सगळ्यांना स्वच्छ ऐकू यावी म्हणून ते स्वतःच बोट लावून उभे होते. कान तापले. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला लांजीला गेलो होतो, सासऱ्यांचा रेडिओ खरखरतो म्हणून उघडला होता, हे चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी लख्ख आठवलं. खात्यात लागून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. सासरे काही बोलले नव्हते. "होते असं कधी कधी," एवढंच म्हणाले होते. त्या शांतपणाचं चैतरामजींना इतकी वर्षं कौतुक होतं.

पुढं अजून दोन कडवी होती. जावई विहिरीचा रहाट पाहायला जातो, आणि गावातली म्हातारी आपली ऐनक लपवून ठेवते, न जाणो हा तीही उघडून पाहील. गाणं संपलं, वाद्यं थांबली. आणि जिथं मघापर्यंत हुंदका होता, तिथं एक बाई हसली. मनापासून, दाबायला गेलेलं आणि न दाबलं गेलेलं हसू. मग सुई खरखरत कडेला गेली.

"माय," देवकाबाई म्हणाल्या.

त्यांनी धाकट्या बहिणीचा दंड धरला.

"रुख्मे, माय व्हय ती. साथीले माय होती ना. हासली म्हणून बाबा चिडले होते तिच्यावर, कंपनीवाला म्हणे राहू द्या, चांगलं लागते."

रुख्माबाईंनी आता पदर तोंडावर धरला नाही. त्या प्लेअरजवळ येऊन खाली बसल्या. त्यांची आई नातवंडं व्हायच्या आत गेली होती. तिचा एक फोटो होता, तोही कुणाच्या लग्नातल्या घोळक्यातला. तिचा आवाज कुठं असेल, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. सगळे बापाचा आवाज शोधत होते.

"तेवढंच लावता का जी परत?" रुख्माबाईंनी विचारलं. "शेवटचं?"

चैतरामजींनी सुई उचलली, शेवटच्या रेघांवर अंदाजानं ठेवली. चुकली, पुन्हा ठेवली. म्हातारीची ऐनक आली, ढोलकी थांबली, आणि आई हसली. पुन्हा लावलं. पुन्हा हसली. कितीदा लावलं ते कुणी मोजलं नाही. सुखरामजी बाहेर जाऊन पंगतीला पानं मांडायला लागले.

जेवणं झाल्यावर दोघी बहिणी ओसरीवर बसल्या होत्या, तेव्हा चैतरामजींनी बायकोला विचारलं, "तुले मालूम होतं?"

"हौ."

"मंग मांडवात पदर धरून..."

"हासून राह्यलती जी. पहिल्या ओळीतच वळखलं मी, जावई म्हणते म्हणून. आवाज तसा काहून येते ते नाई समजलं, वाटलं जुनी झाली तं खराब झाली असंन. आन तुम्ही माइकवर काळजातली कळ म्हणून राह्यलते." त्यांना पुन्हा हसू फुटलं. "बाबानंच सांगितलं होतं, जवाईबापूसमोर कोनी म्हणाचं नाई. त्यायले वाईट वाटीन."

"सारा लांजी म्हणत असंन."

"लांजी कायले? पार हट्टा गावापरेंत म्हणत," देवकाबाई म्हणाल्या. "आमच्या किरनापुरात लग्नात म्हणतेत आताही. कोनावर हाये ते मालूम नाई त्यायले."

चैतरामजींनी डोक्याला हात लावला. वाईट वाटतंय का, हे त्यांनी स्वतःशी तपासून पाहिलं. थोडं वाटत होतं. पण कशाचं, तर सासऱ्यांनी थट्टा केली याचं नव्हे. त्यांच्या हयातीत हे गाणं कळलं असतं, तर आपणही एखादं कडवं जोडून दिलं असतं, याचं. मिक्सरचं कडवं तर तयारच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेकॉर्डिंग नीट झालं. प्लेअर उघडून काळ्या वायरीचं टोक शोधायला निघालेल्या चैतरामजींना रुख्माबाईंनी अडवलं आणि गल्लीतल्या रेडिओ मेकॅनिकला बोलावून घेतलं. त्यानं तुकडा जोडून दिला, घरघर गेली. रुख्माबाईंनी कुकर बंद ठेवला, देवकाबाई दाराशी पहाऱ्याला बसल्या, आणि चैतरामजींना तोंड उघडायची मनाई झाली. संघमित्राला गाणं पाठवलं. थोड्या वेळानं तिचा फोन आला, पण ती बोलूच शकेना, नुसती हसत होती. मग म्हणाली, "पप्पा, लास्ट में कौन है? बिल्कुल मम्मी जैसी हँसी है." रुख्माबाईंनी फोन हातात घेतला आणि आजी कशी होती ते सांगत आत निघून गेल्या.

दुपारी देवकाबाईंना सोडायला चैतरामजी बसस्टँडवर गेले. किरनापूरच्या बसमध्ये त्यांना खिडकीजवळ जागा मिळवून दिली, पिशवी मांडीवर दिली, खाली उतरून उभे राहिले. बस सुटायला अवकाश होता. देवकाबाईंनी मोबाईल काढला. गाणं लावायला त्या सकाळीच शिकल्या होत्या, आवाज कमी करायला शिकल्या नव्हत्या. महागूबापूंचा बारीक आवाज अख्ख्या बसमध्ये घुमला. पुढच्या सीटवरचा माणूस मागं वळला. भाजीची टोपली घेऊन बसलेली बाई ओळ ओळखून सोबत गुणगुणू लागली.

"हे गानं तं आमच्या इकडं लग्नात असते," ती म्हणाली.

"असंनच," देवकाबाई म्हणाल्या. "माह्या बाबाचं हाये. आन तो जावई तो पाहा, खाली उभा हाये."

बसमधली सगळी डोकी खिडक्यांकडं वळली. तिकिटं फाडणारा कंडक्टर दारातून खाली वाकला, चैतरामजींना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "क्यों दादा, रेडिओ आपने ही खोला था?"

चैतरामजींनी चष्मा सारखा केला.

"हौ," ते म्हणाले. "मीच."